कान्होजी आंग्रे खरंच एकही लढाई हरले नव्हते का?

4 जुलै जवळ आला की मोबाईलवर एकच वाक्य फिरायला लागतं. आयुष्यात एकही लढाई न हरलेला दर्यासारंग, सरखेल कान्होजी आंग्रे. मागे ढोल, समोर लाटा आणि त्यावर डोलणारं एखादं जहाज. बऱ्याचदा ते जहाज स्पॅनिश असतं, पण ते सोडून देऊ.

वाक्य ऐकायला भारी आहे, शेअर करायलाही भारी आहे. प्रश्न एवढाच, की ते खरं आहे का? आणि समजा शंभर टक्के खरं नसेल, तर कान्होजी लहान होतात का?

कान्होजींकडे जाण्याआधी दोन मिनिटं बॉक्सिंगमध्ये डोकावू. कारण 'अजिंक्य' या शब्दावर तिथल्या चाहत्यांइतकं कुणीच भांडत नाही. रॉकी मार्सियानो 49 लढती खेळला, 49 जिंकला आणि 1956 साली निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदरने 2017 मध्ये हा आकडा 50 वर नेला. मुहम्मद अली मात्र पाच वेळा हरला. तरी सर्वांत मोठा कोण असं विचारलं तर बहुतेक जण अलीचंच नाव घेतात. कारण जाणकार आधी विचारतात, समोर कोण होतं? मार्सियानोने हरवलेला जो लुई तेव्हा 37 वर्षांचा होता, उतरणीला लागलेला. मेवेदरची पन्नासावी लढत ज्याच्याशी झाली तो कॉनर मॅकग्रेगर, त्याची ती व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत होती.

म्हणजे हरलेल्या लढतींच्या खान्यात शून्य असणं मोठंच, पण त्या शून्यामागे काय आहे हे बघावं लागतं. तोच हिशोब आता आपल्या समुद्रावर लावू.

अलिबागच्या अलीकडे किहीमचा किनारा लागतो. मुंबईकरांना तो शनिवार-रविवारसाठी माहीत असतो, पक्षीवाल्यांना सलीम अलींमुळे. हवा स्वच्छ असेल तर इथून समुद्रात दोन बेटं दिसतात. लांबचं, दीपगृहाचं, ते खांदेरी. थळच्या समोरचं, किनाऱ्याजवळचं, ते उंदेरी. कान्होजींच्या कारकिर्दीचा अर्धा वाद या दोन बेटांकडे बघूनच समजतो.

खांदेरीवर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही जोर लावला, पण खांदेरी काही सुटली नाही. मग 1680 च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारचं उंदेरी ताब्यात घेऊन तिथून तोफा डागायला सुरुवात केली. एक बेट मराठ्यांचं, दुसरं सिद्दीचं. कान्होजींच्या वाट्याला हा समुद्र असा आला.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. सुवर्णदुर्गाच्या बचावात त्यांचं नाव पुढे आलं. 1698 मध्ये सिधोजी गुजरांनंतर आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली, आणि 'सरखेल' हा किताब, म्हणजे आरमाराचा प्रमुख. काळ कठीण होता. छत्रपती राजाराम महाराज जिंजीहून नुकते परतले होते, औरंगजेब महाराष्ट्रात ठाण मांडून होता. पुढे शाहू महाराज आणि ताराराणींच्या संघर्षात कान्होजी आधी ताराराणींच्या बाजूने होते. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटी करून त्यांना शाहूंकडे वळवलं. बदल्यात किल्ले आणि सरखेलपद कायम राहिलं.

आता मुख्य मुद्दा. भांडण कशाचं होतं?

दस्तकाचं. कोकणच्या समुद्रातून माल न्यायचा तर कान्होजींचा परवाना घ्यायचा, त्याचे पैसे भरायचे. नसेल तर जहाज जप्त. ही काही त्यांची नवी युक्ती नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाने हेच करत होते आणि इंग्रजही आपले पास देत होते. इंग्रजांची अडचण अशी, की दस्तक घेतलं तर समुद्रावर कान्होजींचा हक्क आहे हे मान्य केल्यासारखं होतं. शिवाय देशी व्यापाऱ्यांची जहाजं इंग्रजांच्या पासवर जायला लागली, तर कान्होजींचं उत्पन्न बुडत होतं. त्यामुळे एकाला जी वसुली वाटायची, तिला दुसरा चाचेगिरी म्हणायचा. मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याला कान्होजींनी 1724 मध्ये पाठवलेल्या उत्तराचा आशय असाच आहे. दुसऱ्याचं घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ती आहे. आजच्या भाषेत, आधी आरशात बघा.

1712 च्या नोव्हेंबरात तर त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन आपल्या तरुण बायकोसह निघाला होता. चाऊन लढाईत मारला गेला. त्याच्या बायकोला 30,000 रुपये खंडणी भरून 1713 मध्ये सोडवावं लागलं.

1715 च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने हे सगळं मनावर घेतलं. मुंबईला तट घातला, जहाजं बांधली. मग सुरू झाली ती मालिका, जिच्यावर 'अजिंक्य' हे बिरुद उभं आहे. 1717 मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. 1718 मध्ये खुद्द खांदेरीवर हल्ला, फसला. 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग, या वेळी खास बांधलेली तरंगती तोफांची बॅटरी घेऊन, तरीही फसला. 1721 मध्ये पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर हल्ला, तोही फसला. 1724 मध्ये डच विजयदुर्गावर आले आणि हात हलवत परत गेले.

पाच हल्ले, तीन युरोपीय सत्ता, एकही किल्ला पडला नाही. हा रेकॉर्ड खराच आहे, आणि तो कुणी फुगवलेला नाही.

पण यादी पुन्हा वाचा. पाचही वेळा कान्होजी बचाव करत होते, आणि तेही किल्ल्यातून. 'किल्ला पडला नाही' आणि 'एकही लढाई हरले नाहीत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. स्टेटस टाकताना नेमकी त्यांचीच सरमिसळ होते.

खुल्या समुद्रात चित्र मिश्र होतं. 1710 मध्ये 'गोडॉल्फिन' या इंग्रज जहाजाला कान्होजींच्या जहाजांनी मुंबईच्या डोळ्यांदेखत गाठलं. दोन दिवस लढाई चालली आणि गोडॉल्फिन निसटलं. बॉक्सिंगच्या भाषेत फार तर बरोबरी. 1720 च्या हल्ल्यात विजयदुर्ग टिकला, पण खाली नांगरलेली त्यांची जहाजं इंग्रजांनी जाळली. किल्ला जिंकणं आणि आरमार शाबूत ठेवणं, या दोन्हीचा हिशोब त्या दिवशी सारखा नव्हता.

आणि उंदेरी? ते कान्होजींच्या हयातीत सिद्दीकडेच राहिलं. पेशव्यांच्या आरमाराने ते 1760 च्या सुमारास घेतलं, कान्होजींच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी. जंजिरा तर त्यांना नाही, पुढे कुणालाच मिळाला नाही. किहीमच्या वाळूत उभ्या माणसाला जे बेट दिसतं, ते अजिंक्य सरखेलांना घेता आलं नाही, हे स्टेटसमध्ये बसत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

मग 1721 च्या कुलाब्याच्या लढाईचं काय? ती तर सर्वांत जास्त सांगितली जाते. 'जगातल्या सर्वांत बलाढ्य ब्रिटिश नौदलाला धूळ चारली' असं लिहिलेलं असतं.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, कान्होजी बहुतेक वेळा लढले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराशी. ते काही ब्रिटिश राजाचं नौदल नव्हे. राजाची जहाजं आली ती 1721 मध्येच, कमोडोर थॉमस मॅथ्यूजची चार, आणि तीही मुळात मादागास्करच्या चाच्यांसाठी निघालेली. सगळे महासागर गाजवणारं जे नौदल आपल्या डोळ्यांसमोर असतं, ते पुढच्या काळातलं. इथे मार्सियानोच्या उलट घडलंय, प्रतिस्पर्धी अजून पूर्ण वाढलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, ती लढाई कान्होजींनी एकट्याने जिंकली नाही. शाहू महाराजांनी पिलाजी जाधवराव आणि पेशवा बाजीराव यांना घोडदळ देऊन अलिबागकडे पाठवलं. निर्णायक धडक जमिनीवरच झाली. डिसेंबर 1721 मध्ये शत्रू किनाऱ्यावर उतरला आणि या घोडदळासमोर विस्कटला. इंग्रजांच्याच हकिकतीत आहे, की मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराचा भाला घुसला. तो चिडून त्या स्वाराच्या मागे घोडा पिटाळत गेला, पिस्तुलं रोखली, तर ती भरलेलीच नव्हती. मग पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह करून टाकला. मॅथ्यूजचा तिळपापड झाला. इंग्रज-पोर्तुगीज आघाडी तिथेच संपली.

यात कान्होजींचं श्रेय कमी होतं का? मला तर उलट वाटतं. समुद्रावरचा हल्ला जमिनीवर ओढून आणायचा, छत्रपतींची फौज वेळेवर मिळेल असे संबंध राखायचे, आणि ते ज्या पेशव्यांच्या मध्यस्थीने जुळले त्यांच्याशी जमवून घ्यायचं. ही त्यांची खरी ताकद होती. फक्त ती एका माणसाच्या तलवारीची गोष्ट नाही, त्यामुळे रीलमध्ये मावत नाही.

लढण्याची पद्धतही तशीच होती. त्यांची मुख्य जहाजं दोन प्रकारची, गुराब आणि गलबत. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या टोकाला तोफा असलेलं, तळ उथळ. गलबत लहान, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागेवर अडकायचं, आणि गलबतं वल्हवत गुराबांना ओढून त्याच्या मागच्या बाजूला आणायची, जिथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नाही. तिथून शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, आणि ते लंगडं झालं की माणसं चढवायची. वारा उलटला किंवा समोरचा भारी निघाला, तर सरळ माघार घेऊन खाडीत शिरायचं. उथळ खाडीत मोठी जहाजं मागे येऊ शकत नाहीत.

म्हणजे 'माघार' हा कान्होजींच्या डावपेचांचाच भाग होता. जो माणूस हरणारी लढाई ओळखून वेळेत सोडतो, त्याला 'कधीच मागे हटला नाही' म्हणून मोठं करणं म्हणजे त्याची अक्कल त्याच्या नावावरून पुसून टाकणं. त्याच्याबरोबर वल्ही मारणारे कोळी आणि भंडारी, लाटांची वेळ ओळखणारे तांडेल, तोफा चालवायला ठेवलेले युरोपियन, हे सगळेही त्यात पुसले जातात.

अतिशयोक्ती कुठून आली, तेही समजून घ्यायला हवं. इंग्रजांनी दोनशे वर्षं त्यांना चाचा म्हणून रंगवलं. 1907 मध्ये जॉन बिडल्फने आंग्रे घराण्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 'मलबारचे चाचे' आहे. 2007 च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मध्ये सुंभाजी अँग्रिया नावाचा चाच्यांचा सरदार दिसतो. तो कान्होजींच्या मुलाच्या, संभाजी आंग्रेंच्या नावावरून घेतलेला. इतकी वर्षं खाली दाबलेली प्रतिमा सोडली की ती स्प्रिंगसारखी उसळणारच. त्यातूनच अंदमानपर्यंत आंग्रेंचा तळ होता वगैरे मजकूरही फिरतो. नोंदी असलेल्या त्यांच्या लढाया मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या आहेत.

त्यांचा वारसा मोजायची आणखी एक पट्टी आहे, आणि तीच सर्वांत जास्त वादाची. 4 जुलै 1729 ला कान्होजी गेले. मुलांमध्ये वाटणीवरून फूट पडली, कुलाब्याचे आंग्रे वेगळे, विजयदुर्गाचे वेगळे. धाकटे तुळाजी आंग्रे पेशव्यांनाही जुमानेनात. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आणि नानासाहेब पेशवे यांनी मिळून त्यांच्यावर मोहीम काढली. वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर आली, आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते, प्लासीच्या वर्षी.

इथे चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो पेशव्यांनी घात केला, दुसरा म्हणतो तुळाजींनी ओढवून घेतलं. माझ्या मते दोघेही एक गोष्ट टाळतात. कान्होजींनी आरमार बांधलं, पण त्यांच्यानंतर ते एका हातात राहील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. दोष एकट्या कान्होजींचा नाही. वतनाची वाटणी तेव्हा सगळीकडेच अशी होई. पण 1717 ते 1724 मध्ये जो विजयदुर्ग तीनदा टिकला, तो 1756 मध्ये पडला. भिंती त्याच होत्या. शाहूंची फौज पाठीशी उभी असणं आणि पेशव्यांची फौज समोर उभी असणं, एवढा फरक होता.

भारतीय नौदलाने 1951 मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव दिलं. खांदेरीवरचं 1867 चं दीपगृह आज कान्होजींच्या नावाने ओळखलं जातं, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. उंदेरी त्यात नाही, कुलाबाही नाही. कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. भरतीची वेळ आधी विचारून घ्या, अनेक जण तिथे अडकतात.