फौजेतली बदली आली; घरची गाडी सोबत न्यायची की गावीच ठेवायची?

फौजेतल्या माणसाची पोस्टिंग आली की घरात पहिला विषय निघतो मुलांच्या शाळेचा, दुसरा गाडीचा. मुळशी तालुक्यातल्या उरवड्यासारख्या गावात हा दुसरा विषय जरा जास्तच ताणला जातो. पिरंगुटहून मुठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. तहसीलचं काम निघालं की पौड गाठायचं, मोठा दवाखाना लागला तर पुण्याकडे निघायचं. घरात म्हातारी माणसं असतील आणि मुळशीचा पाऊस सुरू असेल तर दारातली गाडी ही चैन राहत नाही. तीच गाडी जोधपूरला किंवा जालंधरला नेली तर तिकडे बायको-मुलांची सोय होते आणि इकडे आईवडिलांची अडचण.

बहुतेक घरांत हिशेब होतो तो फक्त ट्रकच्या भाड्याचा. खरा खर्च मात्र आरटीओच्या कागदांत असतो.

आधी बघायचं ते पोस्टिंग पीस आहे की फील्ड

फील्ड पोस्टिंगवर कुटुंब सोबत जात नाही. तिथे गाडी नेण्याचा प्रश्नच उरत नाही. पीस स्टेशनलाही कुटुंबाचं क्वार्टर पहिल्या दिवशी मिळेल असं नसतं, कधी बरेच महिने वाट बघावी लागते. क्वार्टर हातात येण्याआधीच गाडी पाठवली तर ती युनिटच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडते, आणि गावी घरच्यांना रिक्षा शोधावी लागते. त्यामुळे आधी माणूस, मग कुटुंब, मग गाडी हा क्रम बरा.

सरकार गाडीचे पैसे देतं का?

देतं, पण सगळ्यांना नाही. सातव्या वेतन आयोगानंतरच्या बदली-प्रवासाच्या नियमांत वेतनस्तर ६ आणि त्यावरच्यांना एक मोटारगाडी किंवा एक दुचाकी नेण्याचा खर्च मिळतो. स्तर ५ आणि त्याखालच्यांना फक्त दुचाकीचा. फौजेत नायब सुभेदार स्तर ६ वर येतो आणि हवालदार ५ वर. म्हणजे ज्या जवानाने कर्ज काढून पहिली गाडी घेतली, त्यालाच ती नेण्याचा खर्च खिशातून करावा लागतो. पदोन्नती जवळ आली असेल तर क्लेमच्या अटी युनिटच्या क्लार्ककडून आधीच समजून घ्याव्यात.

बारा महिन्यांचा नियम

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते, ती फॉर्म २८ वर मिळते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही हवी. ही संमती मिळवायला वेळ जातो, म्हणून पोस्टिंग कळताच बँकेत अर्ज टाकलेला बरा.

आता पैशांचं. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स लागतो, तोही एकदम १५ वर्षांचा. समजा गाडी ६ लाखांची, तर ६६ हजार रुपये भरून झालेले असतात. नव्या राज्यात गाडीचं वय बघून पुन्हा टॅक्स भरायचा आणि मग महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. परतावा मिळतो, पण नंतर, अर्ज आणि हेलपाटे करून. तोवर दोन्हीकडे पैसे अडकलेले. शिवाय अडीच-तीन वर्षांनी पुढची पोस्टिंग आली की हेच सगळं पुन्हा.

वर्षाच्या आत परत यायचं असेल तर नंबर बदलायची गरज नाही. मात्र गाडी त्या राज्यात कधी आली याचा पुरावा जवळ असावा. टोलच्या पावत्या, फास्टॅगचं स्टेटमेंट आणि मूव्हमेंट ऑर्डरची प्रत गाडीत ठेवली की रस्त्यात वाद कमी होतात.

मग बीएच नंबर घ्यावा का?

सतत बदली होणाऱ्यांसाठीच केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये बीएच मालिका जाहीर केली. संरक्षण दलातल्या व्यक्तीला ओळखपत्रावर हा नंबर मिळू शकतो आणि राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. टॅक्स दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा. १० लाखांपर्यंत दर ८ टक्के, डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. डिसेंबर २०२२ पासून जुनी साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये बदलता येते.

यात एक खोच आहे. दोन वर्षांनी टॅक्स भरायची तारीख चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड चढतो. नेमका त्याच वेळी माणूस रेंज नसलेल्या चौकीवर असेल तर? म्हणून ही तारीख घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असायला हवी. ज्याची नोकरी दोन-तीन वर्षांची उरली आहे आणि जो नंतर उरवड्यालाच राहणार आहे, त्याने बीएचच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

पाठवायची ठरली तर

कार कॅरिअरने पाठवताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो, किलोमीटरचा आकडा आणि ट्रान्झिट विमा या तीन गोष्टी सोडू नयेत. गाडीत घरचं सामान भरून पाठवू नये. स्वस्त भाव सांगून गाडी चढवल्यावर जास्त पैसे मागणारे पॅकर्स-मूव्हर्स कमी नाहीत. कंपनीचा पत्ता प्रत्यक्ष बघावा आणि सगळी रक्कम आधी देऊ नये.

आणि परदेशी पोस्टिंग असेल तर?

अमेरिकी सैनिक सरकारी खर्चाने गाडी जहाजावर चढवतात, असे रील्स बरेच फिरतात. तिथे बदलीवर एक गाडी सरकारी खर्चाने नेण्याची पद्धत आहे, हे खरं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणारा जवान एकटाच जातो. दूतावासातल्या मोजक्या पदांवर कुटुंब जातं, पण तिथे गाडी घेऊन ती परत आणायची तर नियम कडक आहेत: वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वर जबर सीमाशुल्क. भूतानचं थोडं निराळं. तिथे हा इथे १९६२ पासून भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक आहे, वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून चालते. तरी भारतीय गाडीला परमिट लागतं, आणि नेहमीचा विमा सीमेपलीकडे चालत नाही. जास्तीचा हप्ता भरून तो भूतानपर्यंत वाढवून घ्यावा लागतो.

गावीच ठेवायची ठरली तर

बहुतेक जवानांच्या घरी शेवटी हेच ठरतं, आणि ते चुकीचं नाही. फक्त गाडी ‘सगळ्यांची’ झाली की तिच्याकडे कुणीच बघत नाही. लायसन्स असलेल्या एकाच माणसावर जबाबदारी द्यावी. आठवड्यातून एकदा गाडी थोडी लांब फिरवावी, नाहीतर बॅटरी उतरते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. गाडी महिन्यातून एकदाच रस्त्यावर आली, तरी थर्ड पार्टी विमा चालू लागतोच.

मधेच विकायची वेळ आली तर फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. मालक सीमेवर आणि गिऱ्हाईक दारात, असं अनेकांचं होतं. सुट्टीवर आल्यावरच वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुढच्या सुट्टीची वाट बघावी लागत नाही. गाडी कॅन्टीनमधून घेतलेली असेल, तर विक्रीवर काही बंधन आहे का, ते खरेदीच्या कागदांत आधी वाचून घ्यावं.