खासगीचा पैसा, दौलतीचा पैसा

इंदूरच्या निगमचं बजेट ज्या दिवशी मांडलं जातं, त्या दिवशी सभागृहात काय होणार हे इथला कुणीही आधीच सांगेल. महापौर आकडे वाचणार, सत्ताधारी पार्षद बाकं वाजवणार, विरोधी पार्षद फलक घेऊन पुढे धावणार. माझी उमर सियागंज-सराफ्यातल्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली, त्यामुळे करावरची तणतण मला नवी नाही. पण माझं मत विचाराल, तर आमच्या शहरातलं हे भांडण मुळात दरावरून नाहीच. थैली कुणाच्या हाती आणि तिचा हिशेब कोण देणार, यावरून ते आहे. आणि ते काँग्रेस-भाजपच्या फार आधीचं आहे.

बाजीराव पेशव्यांनी 1734 साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर लावून दिली. फौज आणि कारभार चालायचा तो दौलतीच्या महसुलावर. खासगीचं उत्पन्न राणीचं, त्यात सरदारानेही हात घालायचा नाही. थैल्या दोन, दप्तरंही दोन. पुढे खासगी अहिल्याबाईंकडे आली. 1767 साली त्यांचे पुत्र मालेराव वारले, तेव्हा दिवाण गंगाधर यशवंतांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले. दत्तक हे निमित्त, डोळा खजिन्यावर होता. बाई बधल्या नाहीत, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही त्यांचीच बाजू घेतली.

मग फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली, खजिना महेश्वरला अहिल्याबाईंकडे राहिला. दोन तट पडायला एवढं पुरे होतं. तुकोजी मोहिमेवरून पैसा मागत आणि बाई आधीच्या पैशाचा हिशेब मागत. तुकोजींची बाजू अगदीच लंगडी होती असं मी म्हणणार नाही, पगार थकलेली फौज घेऊन कोण लढणार? पण हिशेब न देणाऱ्याला पुढची उचल नाही, हा नियम माझ्या धंद्यातही आहे.

या तणावातला एक प्रसंग खुद्द इंदूरचा आहे. सर जॉन माल्कमने 1823 साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात तो नोंदवला आहे. तुकोजींचा तळ इंदुरात पडला होता. देवीचंद नावाचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. आसपासच्या लोकांनी तुकोजींचे कान भरले आणि त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा थेट महेश्वरला गेली. बाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि तिला वस्त्रं दिली. घरादाराची मालकीण तीच, याची ती दरबारी खूण. तुकोजींना हुकूम गेला तो असा, की तळ इंदुरापासून दूर हलवा आणि माझ्या शहराला गैरवाजवी वसुलीचा जाच देऊ नका. तुकोजींनी मुकाट्याने तळ हलवला. सेनापतीने मागितलेला पैसा नाकारला गेला आणि सेनापतीने तो निर्णय मानला, यातलं दुसरं मला जास्त मोठं वाटतं.

नंतरच्या होळकरांकडे पैसा आला. दुसऱ्या तुकोजीरावांनी तर खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारलाच साडेचार टक्क्यांनी एक कोटी रुपये कर्ज दिलं. मग गिरण्या आल्या आणि कराचं भांडण राजवाड्यातून बाजारात उतरलं. ब्रिटिश हद्दीत गिरणी-कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर 1926 साली रद्द झाला. होळकर सरकारने मात्र 1927 साली औद्योगिक कराचे नियम लागू केले. इंदूरच्या हुकुमचंद मिलने या कराविरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. निकाल लागला 1964 साली, तोवर होळकर राज्यच विलीन झालेलं होतं. मिल 1991 साली बंद पडली आणि कामगारांची थकबाकी वाटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. त्या थकबाकीसाठी सभागृहात बाकं किती वेळा वाजली असतील, ते वाचकांनीच ठरवावं.

विलीनीकरणात खासगीची मालमत्ताही सरकारजमा झाली. बदल्यात तिच्या धर्मदायासाठी दर वर्षी 2,91,952 रुपये बाजूला ठेवायचे, असं ठरलं. 1734 च्या थैलीचा वाद 2022 साली सर्वोच्च न्यायालयात होता, यावरून थैलीचं वजन कळावं.

निगमची स्वतःची थैली म्हणजे चुंगी, शहरात येणाऱ्या मालावरची जकात, होती. नाक्यावर पावती फाडल्याशिवाय ट्रक शहरात येत नसे. व्यापारी नाकेदाराला शिव्या घालत, पण पैसा इथला इथेच राही. 1976 साली मध्य प्रदेशाने चुंगी उठवली, प्रवेशकर आणला आणि निगमला भोपाळहून ‘चुंगी क्षतिपूर्ती’ मिळू लागली. व्यापारी खूश झाले, निगम हात पसरून उभी राहिली. विजेची थकबाकी वाढली की भोपाळवाले ती या क्षतिपूर्तीतूनच कापून घेतात. आणि विजेचं सगळ्यात मोठं बिल पाण्याचं आहे. 1970 साली लोकांनी आंदोलन करून मिळवलेली नर्मदा जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर आणि पाचशे मीटरहून जास्त चढ पार करून आमच्या नळाला येते. पाणीपट्टीतून हा खर्च निघत नाही, हे निगम स्वतःच सांगत आली आहे.

म्हणून 2021 च्या एप्रिलमध्ये पाण्याचे आणि कचऱ्याचे दर वाढले तेव्हाची गंमत सांगतो. निगमवर तेव्हा प्रशासक होता, निवडून आलेला पार्षद एकही नाही. काँग्रेस रस्त्यावर आली, भाजपचे पुढारीही आपल्याच सरकारकडे धावले आणि काही दिवसांत वाढ थांबली. दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते पैसे न देण्यावर. बिल मात्र कुणी कमी केलं नाही.

पार्षदांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या बजेटला फलक जरूर आणा, पण पाण्याचं खातं खासगीसारखं वेगळं काढायला लावा. जमा किती, वीज किती, गळती किती, हे वॉर्डात छापून लावा. मग दर वाढवा की कमी करा, त्यावर खुशाल भांडा.