बागेचे फोटो काढून पोट भरणारी बाई

परसबागेचा फोटो आपण मोबाइलवर काढतो, गटाच्या अहवालाला जोडतो आणि विसरून जातो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका बाईने बागांचे फोटो काढून पोट भरलं. आज तिच्याविषयी सांगते.

फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन तिचं नाव, जन्म १८६४ चा. आई वर्तमानपत्रात लिहायची, त्यामुळे बाईच्या कमाईचं घरात वावडं नव्हतं. पॅरिसला चित्रकला शिकून तिने वॉशिंग्टनमध्ये फोटो स्टुडिओ काढला. राष्ट्राध्यक्षांचेही फोटो काढले. १८९७ साली तिने ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात लेख लिहिला, बाईला कॅमेऱ्यावर काय करता येईल यावर. त्यात भांडवल, शिक्षण, मेहनत यांचा विचार होता आणि चांगल्या कामाचे चांगले दाम घ्यावेत, असंही होतं. मला तिचं हेच आवडतं. आपल्याकडे पापड एक नंबर असतो, पण भाव सांगताना आवाज खाली जातो!

पुढे न्यूयॉर्कमध्ये मॅटी एडवर्ड्स ह्यूइट या दुसऱ्या बाईबरोबर तिने १९१३ ते १९१७ भागीदारीत धंदा केला. घरं आणि बागा हेच काम. जड कॅमेरा, तिपाई, काचेच्या प्लेटा, सगळं बागेत न्यायचं. वाऱ्याने फूल हललं की फोटो पुसट, म्हणून वारा पडेपर्यंत थांबायचं. ऊन कडक झालं की सावल्या काळ्या पडणार आणि पांढरी फुलं नुसते ठिपके दिसणार. बहर तर थोड्याच दिवसांचा. तो हुकला की वर्षभर वाट बघा.

फोटो निघायचे काळे-पांढरे. मग ते काचेवर छापून ब्रशने हाताने रंगवायचे. कित्येक काचांचे रंग ग्रेस अ‍ॅडेल स्मिथ अँडरसन या बाईने भरले. या काचा दिव्याच्या यंत्राने मोठ्या पडद्यावर दाखवत जॉन्स्टन १९१५ पासून गावोगाव व्याख्यानं द्यायची. ऐकायला गार्डन क्लबच्या बायका. बागा बहुतेक श्रीमंतांच्या. त्यात खुरपणारी माणसं क्वचितच दिसतात, हे मात्र खटकतं.

१९५२ मध्ये ती वारली. हजाराहून जास्त काचा वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात होत्या, पण कित्येकींवर ना बागेचं नाव, ना साल. आपल्या अहवालातही ‘परसबाग १, परसबाग २’ एवढंच असतं, कुणी लावली ते नसतं. सॅम वॉटर्स या अभ्यासकाने पाच वर्षं खपून त्या बागा ओळखल्या. बऱ्याच बागा तोवर मोडूनही गेल्या होत्या. २०१२ पासून ते फोटो ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले केले आहेत. गटातल्या मुलींना सांगा, मोबाइलवर काढून दाखवतील.