वेशीबाहेरची पत्नी

अमेरिकेंत राहणाऱ्या वरासाठीं स्थळें पाहणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांत गेल्या कांहीं दशकांत एक नवाच प्रश्न विचारला जाऊं लागला आहे. शिक्षण, पगार, गोत्र, पत्रिका हे जुने प्रश्न आहेतच. त्यांच्या जोडीला 'मुलगा तेथें कोणत्या कागदावर राहतो?' हा प्रश्न येतो, आणि 'ग्रीन कार्ड मिळालें आहे' असें उत्तर आलें म्हणजे वधूपिता निश्चिंत होतो. वस्तुतः त्याची चिंता तेथूनच सुरू व्हावी अशी त्या देशाच्या कायद्याची रचना आहे. नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर गेलेला तरुण आपल्या पत्नीस बरोबर नेऊं शकतो. पूर्ण नागरिक झालेल्याची पत्नी संख्येच्या मर्यादेबाहेर गणली जाते. पण या दोहोंच्या मध्यें जो उभा आहे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला परंतु नागरिकत्वाची शपथ अद्याप न घेतलेला असा जो मनुष्य, त्यानें त्या अवस्थेंत विवाह केला तर त्याच्या पत्नीस रांगेंत उभें राहावें लागतें. पाहुण्यास जें मिळतें तें घरजांवयास मिळूं नये, असाच हा प्रकार झाला.

ही विसंगति कोणा एका मंत्र्याच्या लहरींतून निघालेली नाहीं. तिच्यामागें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास आहे. आणि तो पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, त्या देशाच्या कायद्यानें पत्नीकडे स्वतंत्र व्यक्ति म्हणून क्वचितच पाहिलें. पति नागरिकत्वाच्या जिन्यावर ज्या पायरीवर उभा असेल, त्या पायरीवरून तिची किंमत ठरावयाची.

अमेरिकन काँग्रेसनें नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० मध्यें केला व तो हक्क 'स्वतंत्र गोऱ्या मनुष्यांना' दिला. १७९५ मध्यें वास्तव्याची मुदत पांच वर्षें ठरली, आणि परदेशी मनुष्यानें आधीं आपला इरादा न्यायालयांत जाहीर करावा व कांहीं वर्षांनीं मुख्य अर्ज करावा, अशी दोन टप्प्यांची पद्धत पडली. या पहिल्या जाहीरनाम्यास तेथील लोक 'पहिले कागद' म्हणत. म्हणजे वाट पाहत असलेला नवरा हा प्राणी कायद्यानें अगदीं आरंभापासूनच निर्माण केलेला आहे. आणि आरंभीं त्याच्याशीं कायदा बऱ्याच ममतेनें वागत असे. १८०४ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, पहिले कागद घेतलेला मनुष्य नागरिक होण्यापूर्वींच मरण पावला, तर त्याच्या विधवेनें व मुलांनीं शपथ घेतली असतां त्यांस नागरिक मानावें. पतीचा राहिलेला प्रवास विधवेनें पुरा करावा, ही कल्पना कोणासहि हृद्य वाटेल. पुढें १८५५ मध्यें नागरिकाच्या पत्नीस विवाहामुळेंच नागरिकत्व मिळूं लागलें. मात्र ती स्वतः त्या हक्कास पात्र, म्हणजे त्या काळच्या अर्थानें गोरी, असली पाहिजे.

या ममतेचा शेवटचा नमुना ३ मार्च १९०३ च्या कायद्यांत आढळतो. आगबोटींतून येणाऱ्यांची डॉक्टरी तपासणी तेव्हां कडक झाली होती. खुपऱ्यांसारखा सांसर्गिक नेत्ररोग दिसला कीं, उतारूस परत पाठवीत. या कायद्याच्या ३७ व्या कलमांत पहिले कागद घेतलेल्या मनुष्यासाठीं एक अपवाद आहे. अशा मनुष्यानें आपल्या पत्नीस किंवा अज्ञान मुलांस बोलावून घेतलें, व त्यांस बोटीवरच रोग जडला असें दिसलें, तर तो सहज बरा होण्याजोगा आहे कीं नाहीं हें ठरेपर्यंत त्यांस परत धाडूं नये. कलम लहान आहे, पण आम्हांस तें फार बोलकें वाटतें. नवरा अजून नागरिक नाहीं, परंतु होऊं म्हणतो आहे. तेवढ्या इच्छेलाहि कायदा कांहीं मोल देत होता. एलिस बेटावरील त्या इस्पितळांत डोळ्यांत औषध घालून घेत बसलेल्या इटालियन व पोलिश स्त्रियांस हें कलम ठाऊक असण्याचा संभव कमी. पण परतीची बोट तूर्त टळली, एवढें तरी त्यांस कळलें असेल.

हें सौजन्य पुढें टिकलें नाहीं. १९०७ मध्यें उलट्या दिशेनें एक कायदा झाला : अमेरिकन स्त्रीनें परदेशी पुरुषाशीं लग्न केलें तर ती पतीच्या देशाची समजली जावी. कॅलिफोर्नियांत स्त्रियांस मताधिकार मिळाल्यावर एथेल मॅकेन्झी ही तेथेंच जन्मलेली बाई मतदार म्हणून नांव नोंदवावयास गेली, तेव्हां तिला सांगण्यांत आलें कीं, तुमचे यजमान ब्रिटिश प्रजाजन आहेत, सबब तुम्हीहि परक्या आहांत. १९१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय दिला. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलतें, त्याचें पाश्चात्त्यांस नवल वाटतें. तेथें तर तिचा देशच बदलत होता.

१९२२ च्या केबल कायद्यानें हा अन्याय बराचसा दूर केला. परंतु त्यांत एक फट ठेविली होती, आणि ती बरोबर आपल्या लोकांच्या वाटेवर होती. जो पुरुष नागरिकत्वास मुळांतच अपात्र, त्याच्याशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री पूर्वींप्रमाणेंच नागरिकत्व गमावणार होती. अपात्र कोण, याचें उत्तर हिंदी माणसांच्या बाबतींत १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं मिळालें. भगतसिंग थिंड हा पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेला. त्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मानववंशशास्त्र कांहींहि म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मून लहानपणीं अमेरिकेंत आलेले होते, हेंहि येथें नमूद करण्यासारखें आहे.

थिंडच्या बाजूनें सर्वोच्च न्यायालयांत उभ्या राहिलेल्या वकिलाचें नांव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल : सखाराम गणेश पंडित. हे १९१४ मध्यें अमेरिकन नागरिक झाले व पुढें कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले. त्यांची पत्नी गोरी अमेरिकन होती. थिंडच्या निकालानंतर सरकारनें पूर्वीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीं प्रमाणपत्रें रद्द करण्याचा सपाटा लावला, तेव्हां अशिलाचा खटला हरलेल्या या वकिलास आतां स्वतःचा लढवावा लागला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : न्यायालयानें विचार करून दिलेल्या निर्णयावर विसंबून मी वकिलीचा व्यवसाय पत्करला, संसार मांडला, आज तो निर्णय फिरविला तर माझा व्यवसाय जाईल आणि माझ्या पत्नीचें जन्मसिद्ध नागरिकत्वहि जाईल. १९२६ मध्यें अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १९२७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकण्याचें नाकारलें, आणि मग उरलेले असे खटले सरकारला आवरते घ्यावे लागले. दुसऱ्याचा खटला तत्त्वाच्या जोरावर लढून हरावा, आणि स्वतःचा 'एकदां दिलेला निकाल पुन्हां उकरूं नये' या साध्या नियमावर जिंकावा, यांत वकिलीच्या धंद्याचें एक मर्म आहे. पण त्याची चर्चा येथें नको.

सर्वांस असें यश आलें नाहीं. तारकनाथ दास या बंगाली क्रांतिकारकाशीं लग्न केलेल्या मेरी दास या अमेरिकन बाईस आपलें नागरिकत्व गमवावें लागलें. देशावांचूनची स्त्री म्हणून आपली कैफियत तिनें १९२६ मध्यें 'नेशन' साप्ताहिकांत मांडली. पेशावरचे वैष्णोदास बगाई यांची कथा तर अधिक दारुण आहे. हे गृहस्थ १९१५ मध्यें पत्नी कला व तीन मुलगे यांना बरोबर घेऊनच सॅन फ्रान्सिस्को येथें उतरले होते. बर्कली येथें घर घेतलें, तर शेजाऱ्यांनीं त्यांस आंत पाऊल टाकूं दिलें नाहीं. १९२१ मध्यें नागरिकत्व मिळालें, थिंडच्या निकालानंतर तें काढून घेण्यांत आलें. हिंदुस्थानांत जाऊन येण्यासाठीं अमेरिकन पासपोर्ट मागितला तेव्हां ब्रिटिश पासपोर्ट घ्या असें उत्तर मिळालें. मार्च १९२८ मध्यें त्यांनीं आत्महत्या केली. कलाबाईंनीं परक्या देशांत मुलांस वाढविलें, शिकविलें. ज्या बर्कलीनें त्या कुटुंबास दारांतून परत फिरविलें, त्याच शहरांत आज त्यांच्या नांवाचा रस्ता आहे.

बगाई पत्नीस घेऊन आले हेंहि एका अर्थीं त्यांचें भाग्यच म्हणावें लागेल. कारण १९१७ मध्यें हें दार बंद झालें. त्या वर्षाच्या कायद्यानें आशिया खंडाच्या मोठ्या भागाभोंवतीं एक रेषा आंखली व तिच्या आंतील लोकांस प्रवेशबंदी केली. विद्यार्थी, शिक्षक, वकील, डॉक्टर, व्यापारी यांना व त्यांच्या बायकामुलांना त्यांतून सूट होती, शेतमजुरास नव्हती. आणि कॅलिफोर्नियांतील हिंदी वस्ती तर बहुतेक पंजाबी शेतकऱ्यांची! दोनचार वर्षें कमावून परत जाऊं, किंवा जम बसल्यावर घरच्यांस आणूं, या हिशेबानें आलेल्या या माणसांच्या बायका पंजाबांत राहिल्या त्या राहिल्याच. आपले कोंकणी चाकरमानी बायकोमुलें रत्नागिरी जिल्ह्यांत ठेवून गिरणगांवांत एकेका खोलींत दहादहा जण राहत, तें चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें येईल; पण त्यांची ताटातूट जागेची व पैशाची होती, शिमग्या-गणपतीला ती मिटे. पंजाब्यांना परत जावयाचें तर पुन्हां येतां येईल ही खात्री नव्हती. इंपीरियल व्हॅलीमधील कित्येकांनीं मेक्सिकन स्त्रियांशीं संसार थाटले. मुलांचीं पहिलीं नांवें स्पॅनिश, आडनांव सिंग, आणि स्वयंपाकघरांत दोन देशांच्या भाकऱ्या, अशी एक निराळीच वस्ती तेथें उभी राहिली. कांहींची गांवाकडे पहिली पत्नी होतीच. तिच्या बाजूनें हा इतिहास कोणीं लिहिला आहे काय? दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीखेरीज तिचा कोठें दाखला उरलेला नाहीं.

मग १९२४ चा कायदा आला, आणि आजच्या रांगेचा पाया येथें घातला गेला. प्रत्येक देशास वार्षिक संख्या बांधून देण्यांत आली. इटलीहून १९१४ मध्यें एका वर्षांत २,८३,००० हून अधिक लोक आले होते. आतां त्या देशास ३,८४५ जागा मिळाल्या. नागरिकाची पत्नी मात्र या संख्येच्या बाहेर ठेवली. नागरिक नसलेल्या, पण कायम राहणाऱ्या मनुष्याच्या पत्नीस कसलीच सवलत नव्हती. ती चार वर्षांनीं, १९२८ मध्यें मिळाली, आणि तीहि संख्येच्या आंतच. १९०३ मध्यें ज्याच्या नुसत्या इराद्यास किंमत होती, तो पंचवीस वर्षांत रांगेंतला एक अर्जदार झाला. आशियाई पत्नीची गोष्ट तर बोलावयासच नको : नागरिकत्वास अपात्र म्हणून तिला प्रवेशच नव्हता, आणि पति अमेरिकेंत जन्मलेला नागरिक असला तरी चिनी पत्नीस येतां येत नाहीं, असें १९२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें.

हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क २ जुलै १९४६ रोजीं मिळाला. क्लेअर बूथ लूस व इमॅन्युएल सेलर यांनीं पुढें आणलेल्या या कायद्यानें हिंदुस्थानास वर्षाला १०० जागा दिल्या. चाळीस कोटींच्या देशास शंभर! तरी हा आंकडा केवळ शोभेचा नव्हता. नागरिक होतां येऊं लागलें म्हणजे पुढचीं दारें उघडतात. दलीपसिंग सौंद हे १९४९ मध्यें नागरिक झाले व १९५६ च्या निवडणुकींत काँग्रेसवर निवडून आले. १९५२ च्या कायद्यानें नागरिकत्वांतील वंशाची अट सर्वांसाठींच गेली आणि 'पत्नी' या शब्दाच्या जागीं 'पति किंवा पत्नी' असा अर्थ आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच कायद्यानें कायम रहिवाशांच्या जोडीदारांसाठीं व अविवाहित मुलांसाठीं प्रत्येक देशाच्या जागांपैकीं शेंकडा २० राखल्या. शंभराचे वीस!

१९६५ मध्यें, त्याच सेलर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें, देशवार विषम वांटणी गेली. आपल्याकडील डॉक्टर व इंजिनियर तेव्हांपासून मोठ्या संख्येनें जाऊं लागले. नागरिकाची पत्नी मर्यादेबाहेर, रहिवाशाची मर्यादेंत, हा भेद मात्र तसाच राहिला. १९९० मध्यें या वर्गास वर्षाला किमान १,१४,२०० जागा दिल्या, त्यांतील ७७ टक्के जोडीदार व अज्ञान मुलांसाठीं. तरी रांग लांबतच गेली. २००० मध्यें, त्या वर्षाच्या २१ डिसेंबरपर्यंत ज्यांचे अर्ज झाले होते व ज्यांस तीन वर्षें होऊन गेलीं, अशांना येऊन तेथेंच वाट पाहतां यावी म्हणून निराळा परवाना काढावा लागला. नंतरच्या अर्जदारांस तो नाहीं. २०१९ ते २०२३ या काळांत ही रांग जवळजवळ नाहींशी झाली होती. पुढें ती पुन्हां वाढली.

कित्येक म्हणतात कीं, तो आपखुशीनें गेला आहे, मग त्यानें थांबावें. हा युक्तिवाद आम्हांस अर्धाच पटतो. आपल्या देशांत किती जणांस घ्यावें हें ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्रास अधिकार आहे, हें कोण नाकारील? पण तो पांच वर्षांचा काळ नवऱ्याच्या परीक्षेचा आहे. त्याची निष्ठा, वर्तन, भाषा पाहण्यासाठीं तो ठेवलेला आहे. परीक्षा त्यानें द्यावयाची, आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पुण्या-नाशिकच्या घरीं सासूसासऱ्यांजवळ बसावयाचें तिनें, यांत कोणता न्याय आहे तें आम्हांस समजत नाहीं. १८०४ च्या कायदेकर्त्यांना ही गोष्ट कळत होती असें वाटतें.

आज रहिवाशी असतांनाच पत्नीसाठीं अर्ज करून ठेवावा, आणि नागरिकत्वाची वाटहि पाहत राहावी, हाच मार्ग बहुतेक धरतात. पति शपथ घेतो त्या दिवशीं तोच अर्ज एका वर्गांतून दुसऱ्यांत जातो व पत्नीची रांग संपते. मात्र आईच्या अर्जांत आपोआप समाविष्ट असलेलें मूल त्या दिवसापासून तसें राहत नाहीं. त्याच्यासाठीं नवा अर्ज करावा लागतो. आणखी एक बारकावा आपल्या लोकांनीं लवकरच हेरला आहे. कायम वास्तव्याचा हक्क मिळण्यापूर्वीं विवाह झालेला असेल, तर पत्नीस बहुधा पतीच्याच हक्कानें मागाहून जातां येतें. एका दिवसानेंहि नंतर झाला, तर रांग. त्यामुळें पंचांगांतला मुहूर्त मार्गशीर्षांत असला, तरी कचेरींतली नोंदणी भर चातुर्मासांतच उरकून घेणारीं कुटुंबें आतां आपल्याकडे दिसूं लागलीं आहेत.