सॉफ्टवेअर टेस्टिंग टीम शून्यापासून कशी उभी करायची? कर्जत-खालापूरचा अनुभव

टेस्टिंग टीम म्हटलं की हिंजवडी किंवा ऐरोलीतलं मोठं ऑफिस डोळ्यांसमोर येतं. आमची टीम मात्र कर्जतमध्ये दोन खोल्यांच्या ऑफिसात उभी राहिली. सुरुवातीला आमच्याकडे एकही टेस्टर नव्हता. माणसं कशी निवडायची, आधी काय करायचं आणि नंतर काय, हे आज आमच्या अनुभवावरून सांगतो.

टेस्टिंग म्हणजे काय?

अ‍ॅप लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे चुकतंय हे शोधणं म्हणजे टेस्टिंग. सापडलेल्या चुकीला बग म्हणतात. डेव्हलपर बघतो, 'हे चालतंय का?' टेस्टर विचारतो, 'हे कधी बंद पडेल?' आपण स्वतः लिहिलेल्या कोडला हा दुसरा प्रश्न विचारणं कठीण जातं, म्हणून वेगळा माणूस लागतो.

आम्हाला टीमची गरज का पडली?

आम्ही चार डेव्हलपर. या भागातल्या फार्महाऊसच्या खोल्या बुक करायचं अ‍ॅप बनवलं होतं. टेस्टिंग आम्हीच करायचो, तेही ऑफिसच्या वायफायवर. जुलैमधल्या एका शनिवारी खालापूर तालुक्यातल्या एका फार्महाऊसवर, भर पावसात, एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं आली. पैसे दोघांचेही कापले गेले होते.

झालं असं, की पहिलं कुटुंब पैसे भरत असताना नेटवर्क गेलं. अ‍ॅपने 'पेमेंट अयशस्वी' दाखवलं आणि खोली पुन्हा रिकामी दिसायला लागली. पण बँकेतून पैसे गेले होते, तसा मेसेजही आला होता. त्यामुळे त्यांना वाटलं बुकिंग झालंय. दरम्यान तीच खोली दुसऱ्या कुटुंबाला मिळाली. तिथे काम बघणाऱ्या मावशींनी एका कुटुंबाला स्वतःची खोली दिली आणि त्या स्वयंपाकघरात झोपल्या. रविवारी त्यांचा फोन आला, "बाळा, चूक तुमच्या अ‍ॅपची, आणि शिव्या मी खाल्ल्या."

पेमेंट आम्ही कितीतरी वेळा तपासलं होतं, पण प्रत्येक वेळी फुल नेटवर्कमध्ये.

पायरी १: पहिला टेस्टर घरातच शोधा

आम्ही जाहिरात दिली नाही. ग्राहकांचे फोन घेणारी आमची एक सहकारी होती, बीकॉम झालेली. कोडिंग येत नव्हतं, पण लोक कुठे अडकतात हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिची तक्रारींची वही हीच आमची पहिली बग-यादी झाली. त्या यादीचे आम्ही तीन भाग केले: पैसे बुडतात, काम अडतं, फक्त दिसायला वाईट. दुरुस्ती याच क्रमाने. दुसरा टेस्टर बीएस्सी आयटीचा मुलगा घेतला. त्याला कोड वाचता येतो, त्यामुळे बग नेमका कुठून आला हे तो सांगतो.

पायरी २: टेस्ट केस लिहून ठेवा

टेस्ट केसमध्ये तीन गोष्टी असतात: परिस्थिती, कृती आणि अपेक्षित निकाल. आमची पहिली टेस्ट केस अशी होती:

परिस्थिती: पेमेंट सुरू आहे.
कृती: फोन एअरप्लेन मोडवर टाका.
अपेक्षित निकाल: अ‍ॅपने 'अयशस्वी' म्हणू नये. 'पेमेंट तपासत आहोत' असं दाखवावं, आणि बँकेचं उत्तर येईपर्यंत खोली दुसऱ्या कोणाला देऊ नये.

साध्या स्प्रेडशीटमध्ये हे लिहिता येतं. सुरुवातीला महागडं टूल लागत नाही.

पायरी ३: मराठीत तपासा

मराठी कीबोर्डवरून कोणी ओटीपी '४५२१' असा टाकला, तर अ‍ॅप तो घेतं का? आमचं घेत नव्हतं. 'दऱ्या' शोधल्यावर 'दर्या' येतं का? मेसेजची लांबीही बघा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. मेसेज लांबला की एकाचे दोन होतात आणि खर्चही वाढतो.

पायरी ४: ऑफिसबाहेर पडा

कर्जत ते लोणावळा घाटात बोगद्यांमागून बोगदे येतात आणि नेटवर्क ये-जा करतं. आमचे दोघे टेस्टर गाडीत बसून तिथेच पेमेंट तपासतात. खरे पैसे जात नाहीत, कारण पेमेंट गेटवेला टेस्ट मोड असतो. सोबत एक जुना, कमी रॅमचा फोन असतोच.

पायरी ५: जुनं पुन्हा तपासा

नवीन बदलामुळे आधी चालणारी गोष्ट बिघडली का, हे बघण्याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. युरोपचं एरियन ५ रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. कोडचा एक भाग एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त होता आणि तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटवर चाललेलं कोड नव्यावर नीट तपासलंच गेलं नव्हतं.

ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रामकडून तपासणी करून घेणं, इथे उपयोगी पडतं. पण आधी हाताने तपासून काय तपासायचं ते ठरवा. आम्ही सहा महिन्यांनी फक्त लॉगिन, बुकिंग आणि पेमेंट ऑटोमेट केलं.

पायरी ६: 'नाही' म्हणायचा अधिकार द्या

ही सगळ्यात अवघड पायरी. १५ ऑगस्टच्या सुट्टीआधी आम्हाला नवीन व्हर्जन काढायचं होतं. आदल्या संध्याकाळी वहीवाली म्हणाली, "रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे परत जात नाहीयेत. मी होकार देणार नाही." मी चिडलो. वर्षातला चांगला धंदा जाणार होता. तरी थांबलो, कारण मावशींचा फोन आठवला. टेस्टरचं ऐकायचंच नसेल, तर टीम नुसती कागदावर राहते.

तुम्हाला सुरुवात करायची आहे?

गुगल प्लेचा एक नियम माहीत असू द्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर अकाउंटला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टरकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग करून घ्यावं लागतं. या १२ जणांत सगळे कॉलेजचे मित्र घेऊ नका. एक आजी, एक दुकानदार, एक रिक्षावाले काका घ्या. आमच्या यादीत मावशी आहेत. नवीन व्हर्जन आधी त्यांच्या फोनवर जातं, आणि त्यांनी सांगितलेला बग आम्ही सगळ्यात आधी उघडतो.