फोर्ट ब्रॅगचा हिशेब

सैन्याचा इतिहास म्हटला की लढाया आठवतात. आज मात्र सैनिकांच्या मुलांची गोष्ट सांगतो. वडिलांची बदली, नवी शाळा, सीमेवरून न येणारा फोन. या सगळ्याचं ओझं मुलांवर कसं पडतं, ते मी छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

१९८२ साली अमेरिकेत जेन निट्झर यांचा ‘अनक्लेम्ड चिल्ड्रन’ हा अहवाल आला. गंभीर भावनिक त्रास असलेल्या बहुतेक मुलांना योग्य मदत मिळतच नाही, हे त्यातून पुढे आलं. मग विचार रुजला, की मुलाला घरापासून दूर रुग्णालयात ठेवण्यापेक्षा त्याच्या वस्तीतच समुपदेशन, दिवसभराचं उपचार केंद्र, अडचणीच्या वेळी धावून येणारी माणसं अशी साखळी उभी करावी.

अमेरिकी सैन्याने हे प्रत्यक्ष करून पाहिलं. नॉर्थ कॅरोलिनातला फोर्ट ब्रॅग म्हणजे ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचं ठाणं. १९९० पासून तिथे सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून अशी साखळी उभारली गेली. मूल्यमापन केलं व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिओनार्ड बिकमन यांनी. तुलनेला फोर्ट कॅम्पबेल आणि फोर्ट स्टुअर्ट हे दोन तळ घेतले. तिथे नेहमीच्याच पद्धतीने उपचार चालत. एकूण ९८४ मुलं आणि त्यांची कुटुंबं.

निकाल काय लागला? फोर्ट ब्रॅगमध्ये जास्त मुलांपर्यंत मदत पोहोचली, रुग्णालयात कमी मुलं गेली, आईवडील अधिक समाधानी होते. पण मुलांची सुधारणा दोन्हीकडे सारखीच! आणि दर मुलामागचा खर्च मात्र दीडपटीहून जास्त.

साहजिकच वाद पेटला. टीकाकार म्हणाले, तळ वेगळे, माणसं वेगळी, तुलना कच्ची. बिकमन यांनी मग ओहायोच्या स्टार्क काउंटीत सोडत पद्धतीने कुटुंबांचे दोन गट पाडून पुन्हा अभ्यास केला. निष्कर्ष तोच निघाला.

याचा अर्थ मुलांना परत रुग्णालयात कोंबा, असा नाही. घराजवळ मदत मिळणं हे स्वतःच मोलाचं आहे. पण साखळी कितीही नीट बांधली, तरी त्या खोलीत मुलासमोर बसून दिला जाणारा उपचार परिणामकारक नसेल, तर मूल बरं कसं होणार? रसद वेळेवर पोहोचली म्हणून मोहीम फत्ते होत नाही.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तुमच्या गावात, शहरात मुलांसाठी असं काही काम चालत असेल तर जरूर विचारा: किती मुलं आली, हे ठीक, त्यातली किती सावरली, आणि ते तुम्ही कसं मोजलं?