‘लिफ्ट’ : एका उचललेल्या शब्दाचा इतिहास

शहरांत बहुमजली इमारती वाढल्या, तसा ‘लिफ्ट’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला. इंग्रजी न शिकलेला माणूसही ‘लिफ्ट बंद आहे’ असे सहज म्हणतो. परंतु ज्या इंग्रजीतून तो आपल्याकडे आला, त्या इंग्रजीतही तो मूळचा नव्हे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

उचलण्याला प्राचीन इंग्रजीत ‘हेब्बन’ असे क्रियापद होते. आज ते ‘हीव्ह’ या रूपात, जड ओझे कष्टाने उचलण्यापुरते उरले आहे. ‘लिफ्ट’ आला तो डेन्मार्क-नॉर्वेकडील नॉर्स भाषेतून. त्या भाषेत ‘लोफ्त’ म्हणजे हवा, आकाश, तसेच घराची माडी. त्यावरून ‘लिफ्ता’ म्हणजे हवेत नेणे, वर उचलणे. माळ्याला म्हणतात तो ‘लॉफ्ट’ आणि जर्मनांचा हवेसाठीचा ‘लुफ्त’ हे याच कुळातले. ‘लुफ्तहान्सा’ या विमान कंपनीच्या नावात तोच ‘लुफ्त’ आहे.

हे नॉर्सभाषक इंग्लंडमध्ये आले ते लुटारू म्हणून. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६५ मध्ये त्यांचे मोठे सैन्य उतरले. ८७८ मध्ये राजा आल्फ्रेडने त्यांच्या गुथ्रुम या नायकाचा पराभव केला. पुढे तह होऊन दोघांच्या सीमा ठरल्या. उत्तर व पूर्व भागांत हे लोक शेती करून राहिले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतील ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेतले गाव.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीने दरबार, न्याय व खानपान यांचे असंख्य शब्द घेतले. राज्यकर्त्यांकडून असे शब्द येतातच. नॉर्समधून मात्र आले ते ‘घेणे’ या अर्थाचे ‘टेक’, खिडकीचा ‘विंडो’, नवऱ्याचा ‘हजबंड’, आभाळाचा ‘स्काय’ आणि चक्क ‘ते लोक’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनाम! असे शब्द हुकमाने येत नाहीत. शेताच्या बांधावर, बाजारात, सोयरिकीतून ते घरात शिरतात. लुटीची नोंद बखरकारांनी केली. शेजाराची नोंद भाषेने ठेवली.

अर्थात हे एका दिवसात घडले नाही. मुद्रक कॅक्स्टन याने १४९० मध्ये एक हकीकत लिहून ठेवली आहे. थेम्स नदीवर वाऱ्याअभावी अडकलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावरील बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, ‘मला फ्रेंच येत नाही.’ व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ म्हटले, तेव्हा तिला अंडी हवीत हे समजले. ‘आयरेन’ हा देशी शब्द, तर ‘एग’ नॉर्स. आज ‘आयरेन’ कोणाही इंग्रजाला कळणार नाही.

‘लिफ्ट’चे अर्थही वाढत गेले. सोळाव्या शतकात त्याला चोरीचा अर्थ आला. दुकानातून माल लांबवणारा तो ‘शॉपलिफ्टर’. आपल्याकडे ‘उचलेगिरी’ आहेच. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात ओटिस यांचा प्रवासी पाळणा बसला. अमेरिकनांनी त्याला लॅटिन वळणाचे ‘एलेव्हेटर’ हे नाव दिले, तर इंग्रजांनी ‘लिफ्ट’ म्हटले. त्यांच्यामार्फत आपणही तेच म्हणू लागलो.

‘रेझ’ आणि ‘रिअर’ ही जोडी तर अधिक बोलकी आहे. मूळ एकच, पहिला नॉर्स, दुसरा देशी. दोन्ही टिकले, आणि मुले वाढवणे या अर्थाने इंग्रज आजही दोन्ही वापरतो. सख्खी चुलत भावंडे एका घरात नांदावीत तसे हे आहे.

मराठीलाही हा अनुभव नवा नाही. कागद आणि शाई फारसीतून आली, दौत अरबीतून. ‘बदल’ हा अरबी शब्द तर आपण क्रियापद करून टाकला. ‘बदलणे’ आज कोणाला परके वाटते? शब्दाचे कूळ शोधावे, ते त्याला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे. आपले पूर्वज कोणाच्या शेजारी राहिले, कोणाशी बोलले, हे त्यातून कळते. विद्यार्थ्याने शब्दकोश उघडावा तो याही जिज्ञासेने.